मामावर गेलेला भाचा

एकलहरे वसाहत,
११ नोव्हेंबर १९७९

ती. मल्हारीमामांस,
निवृत्तीचा सविनय जय भीम.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. पत्र लिहायचं कारण म्हणजे माझे केस चालले. थट्टा नाही मामा. कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकतंय आणि मागं टाळूवर रुपयाएवढं उघडं पडलंय. उशीवर केस, कंगव्यात केस, डब्यातल्या भाकरीतही केस. परवा वीजकेंद्रात बॉयलरवरची पाळी संपवून हेल्मेट काढलं तर नव्या अप्रेंटिसनं मला काका म्हटलं. वय माझं अठ्ठावीस.

आता काळजी कसली ते तुम्हाला सांगायला नको, कारण स्थळ तुम्हीच आणलंय. निफाडच्या रावजींची विशाखा. तुम्ही त्यांना माझा जो फोटो दिलात तो आयटीआयच्या वर्षाचा आहे. त्यात माझ्या केसांत कंगवा घातला असता तर कंगवा मोडला असता. तो फोटो बघून त्यांच्याकडून होकार आला, आणि आता फेब्रुवारीत ती मंडळी प्रत्यक्ष बघायला येणार.

दुसऱ्यांच्यात बरं असतं. नवऱ्याला फेटा असतो, मुंडावळ्या असतात, डोकं आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. आपल्यात पांढरे कपडे आणि उघडं डोकं, समोर बुद्धमूर्ती. अख्खं निफाड माझ्या मागं बसणार आणि त्रिशरण पंचशील होईपर्यंत माझी टाळू बघणार. लपवू कुठं?

खरं सांगतो, मला हीच मुलगी हवी आहे. वणीच्या लग्नात मी तिला लांबून पाहिलं होतं. पंगतीला उशीर झाला म्हणून रडणाऱ्या पोरांना गोळा करून ती पाढे म्हणवून घेत होती, आणि पोरं हसत होती. तेव्हापासून दुसरं स्थळ नको वाटतं. काहीतरी उपाय सांगा.

तुमचा,
निवृत्ती


मनमाड,
१८ नोव्हेंबर १९७९

चि. निवृत्ती यास मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लय हसलो. मामीलाबी वाचून दाखवलं. ती का कोण जाणे माझ्याकडं बघून जास्त हसली.

अरे, आपल्या घराण्यात टक्कल नाय. हे सगळं त्या हेल्मेटापायी. डोक्याला वारा नाय, खाली बॉयलरची धग, वरनं राखेचा धुरळा, आणि अंघोळीला ते तुमचं एकलहऱ्याचं पाणी. बाभळीलासुद्धा पानं राहायची नायत. त्यात तू पडला विचारी. विचारी माणसाचे केस आतनं जळतात.

उपाय सांगतो, हातखंडा हाय. कांदा. लासलगावचा लाल कांदा किसायचा, रस पिळायचा, रात्री टाळूवर चोळायचा आणि फडकं बांधून निजायचं. ओळखीच्या गार्डाबरोबर अर्धं पोतं पाठवतोय, नाशिकरोडला उतरवून घे. सोबत मामीनं कढवलेलं माक्याचं तेल हाय. हिरवंगार दिसंल, घाबरू नको. महिन्याभरात कोंब फुटले नायत तर टीसी मल्हारी नाव लावणार नाय. आणि फोटोचं मनावर घेऊ नको. फोटो जुनाच द्यायचा असतो. ताजा फोटो पोलीस मागतात.

तुझा मामा,
मल्हारी


एकलहरे,
१६ डिसेंबर १९७९

ती. मामांस सविनय जय भीम.

कांदा झाला, माका झाला. कोंब फुटले, पण पोत्यातल्या कांद्यांना. कंट्रोल रूममध्ये मी शिरलो की लोक डबे उघडून बघतात. पहिले आठ दिवस आईनं सहन केलं, मग उरलेला कांदा उचलून तिनं भज्यांना लावला. म्हणाली, पोटात गेला तर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माक्याच्या तेलानं उशी हिरवी झाली ती अजून हिरवीच आहे.

शेवटी काल शालिमारजवळच्या एका चामडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. वयस्कर गृहस्थ. भिंग लावून डोकं पाहिलं आणि हसले नाहीत, तेवढ्यानंच मला बरं वाटलं. म्हणाले, ही चाई नव्हे. चाई गोल चकत्यांनी पडते आणि पुष्कळदा भरूनही येते. तापातून उठल्यावर गळतात तसलेही नव्हेत, ते सगळ्या डोक्यावरून गळतात आणि परत येतात. हे पुरुषी टक्कल. त्याचा नकाशा ठरलेला, आधी कपाळाचे दोन कोपरे, मग टाळू, मग दोन्हींची गाठ. पुरुषाच्या अंगात जो रस असतो तो काही जणांच्या केसांच्या मुळांना सोसत नाही. मग दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक येतो, तोकडा येतो, शेवटी नुसती लव उरते. हेल्मेट, राख, पाणी, काळजी, यांतल्या कुणाचाही दोष नाही.

औषध विचारलं तर म्हणाले, आज तरी खात्रीचं काही नाही. अमेरिकेत रक्तदाबाच्या एका गोळीनं लोकांना केस फुटतात असं छापून आलंय, पण ते गालावर, कपाळावर, दंडावर कुठंही फुटतात. ती गोळी केसांसाठी मागायला येऊ नका. जाहिरातीतल्या बाटल्या घेऊ नका. खोबरेल लावा आणि पोरगी चांगली असेल तर लग्न करा.

मग त्यांनी विचारलं, हे रक्तातून येतं, बापाकडूनही येतं, आईकडूनही येतं, तुमच्या वडिलांचं डोकं कसं होतं? मी म्हटलं, बाबांचे केस शेवटपर्यंत दाट होते. ते म्हणाले, मामा आहेत का?

 मामा, मी तुम्हाला टोपीशिवाय कधी पाहिलेलं नाही. कडक उन्हाळ्यात नाही, जेवताना नाही, अंगणात झोपलेले असतानाही नाही. आणि एकेक आठवू लागलं. आपल्यात कुठलंही लग्न असो, नामकरण असो, वंदनेला टोपी काढून बसायचं असतं, आणि तुम्ही वंदना संपल्यावरच येता. दर वेळी गाडी लेट झालेली असते. बाबा गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला तर गाडी वेळेवर होती, तरी तुम्ही मंडपाबाहेर लिंबाखाली उभे राहिलात. आईला ते अजून लागतं, बोलत नाही इतकंच. काल तिला सरळ विचारलं की मामांचे केस कसे आहेत, तर तिनं विषय भाकरीवर नेला.

म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमच्या टोपीखाली काय आहे?

तुमचा,
निवृत्ती


मनमाड,
२१ डिसेंबर १९७९

चि. निवृत्ती,

आशीर्वाद. टोपी रेल्वेची हाय. टोपीखाली रेल्वेचा माणूस हाय. डॉक्टरला भाच्याचं डोकं दाखवलं तर तो मामाच्या डोक्याची चौकशी करतो, असला डॉक्टर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाय. उद्या दात दाखवायला गेलास तर मावशीची कवळी मागंल.

तर कामाचं ऐक. कांदा तुला मानवला नाय, कारण जुने मेलेले केस वाट अडवून बसलेत. स्टेशनाबाहेरच्या कारभारी न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, वस्तरा फिरवा. एकदा चकोट केली की जोमानं येतात. शेतकरी ऊस तोडतो तो काय ऊस संपवायला? खोडव्याला फुटवा जास्तच येतो. मंडळी फेब्रुवारीत येणार, म्हणजे अजून वेळ हाय. मुहूर्त बघू नको, उद्याच बस.

मामा


एकलहरे,
८ जानेवारी १९८०

ती. मामांस जय भीम.

तुमच्यावर विश्वास ठेवून डोकं तासलं. ज्या दिवशी तासलं त्याच दिवशी गंगापूरकडून गार वारा सुटला. थंडी टाळूतून आत शिरते हे मला ठाऊक नव्हतं. आणि खोडव्याचं म्हणाल तर फुटवा आलाय, पण बरोबर जिथं आधी होता तिथंच. नकाशा तोच, फक्त आता रेघा ठळक दिसतात.

परवा मन रमेना म्हणून नाशिकरोडच्या विहारात गेलो. भन्तेजी उन्हाला बसले होते. त्यांच्यापुढं मन मोकळं केलं. ते पुष्कळ वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "बाळा, तू ज्यांच्यासाठी रडतोस ते मी दर पंधरा दिवसांनी काढून टाकतो. आम्हाला पहिला धडाच केसांचा देतात, की हे आपले नव्हेत." मी म्हटलं, भन्ते, तुम्हाला निफाडची मंडळी बघायला येणार नाहीत. तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी कुडकुडतोय हे बघून त्यांनी त्यांची काषाय रंगाची शाल माझ्या अंगावर टाकली आणि चहा सांगितला.

तेवढ्यात फाटकातून एक वयस्कर गृहस्थ आले. आम्हा दोघांकडे बघून जागीच थबकले, हात जोडून तीनदा वाकले आणि आल्या पावली परत गेले. भन्तेजींचे कुणी उपासक असतील.

आता पुढं काय करायचं ते सांगा. फक्त वस्तरा आणि कांदा सोडून.

निवृत्ती


मनमाड,
१४ जानेवारी १९८०

चि. निवृत्ती,

लय लय आशीर्वाद. पोरा, तुझं नशीब जोरावर हाय. ते वयस्कर गृहस्थ म्हणजे तुझे सासरे रे. रावजी.

काल ते मुद्दाम मनमाडला आले. माझा हात धरून डोळ्यांत पाणी. म्हणाले, टीसीसाहेब, तुमच्या भाच्यानं श्रामणेर दीक्षा घेतली आणि तुम्ही बोलला नाहीत? मला आधी कळंचना. मग उलगडा झाला. त्यांनी तुला तासलेल्या डोक्यानं, काषाय शाल पांघरून भन्तेंच्या शेजारी बसलेलं पाहिलं. विहाराच्या शेजारी चौकशी केली तर तिथली बाई म्हणाली, हा शकुबाईचा निवृत्ती, एकलहऱ्याचा. झालं. त्यांना वाटलं, जावई दहा दिवस भिक्खू होण्याच्या शिबिराला बसला. म्हणाले, आजकालची पोरं केसांचे कोंबडे काढून हिंडतात आणि हा पोरगा लग्नाआधी केस धम्माला वाहतो. बघण्याचा कार्यक्रमच नको, आम्हाला पसंत हाय. वीस एप्रिलची तारीख धरली. नोकरी करतात त्या साखर कारखान्यात पेढे वाटलेत त्यांनी.

मी खोटं बोललो नाय. मी फक्त नजर खाली केली आणि त्यांना चहा पाजला. आता तू एवढंच कर. दर आठवड्याला वस्तरा फिरवत राहा. केस येवोत नाय तर न येवोत, जन्मभर श्रद्धाळू दिसशील. असला उपाय तुझ्या डॉक्टरच्या बापाला सुचला नसता.

मामा


निफाड,
१९ जानेवारी १९८०

श्री. निवृत्ती यांस,
जय भीम.

मी रावजींची विशाखा, इथल्या शाळेत शिकवते. लग्नाआधी मुलीनं असं पत्र लिहू नये असं आमची आत्या म्हणेल, म्हणून तिला विचारलेलं नाही.

तुम्ही श्रामणेर झालात हे बाबा निफाडभर सांगत सुटले आहेत. त्यांना अभिमान वाटतो आणि मला धास्ती वाटते. आज दहा दिवस, उद्या कायमचं भिक्खूचं चीवर. तुमची ती ओढ असेल तर मी आडवी येणार नाही, चांगलंच आहे ते. पण मग माझ्याशी लग्न कशाला? आणि ओढ नसेल तर डोकं कशासाठी तासलं, तेही कळायला हवं.

एका ओळीचं उत्तर चालेल. खरं असावं.

विशाखा


एकलहरे,
२३ जानेवारी १९८०

कु. विशाखा यांस,
जय भीम.

मी श्रामणेर झालो नव्हतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. 

माझे केस जात आहेत. तुमच्याकडे जो फोटो आहे तो सात वर्षांपूर्वीचा आहे. केस दाट यावेत म्हणून न्हाव्याच्या सल्ल्यानं डोकं तासलं. विहारात गेलो तोही त्याच दुःखात. शाल भन्तेजींची होती आणि ती पांघरली कारण मला थंडी वाजत होती. तुमच्या वडिलांचा गैरसमज झाला हे मला आठवड्यापूर्वी कळलं. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. तीन दिवस गप्प बसायचा प्रयत्नही केला. पण वीस एप्रिलला तुमच्या शेजारी बसून मी खोटं न बोलण्याचं शील घेणार, आणि तेच माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं ठरणार, हे काही मला जमेना.

डॉक्टर म्हणतात, हे थांबणारं नाही. चार-सहा वर्षांत कानांवर झालर राहील आणि बाकी मैदान. हे वाचून तुम्ही नाही म्हणालात तर मला लय वाईट वाटेल, पण राग येणार नाही. वडिलांची क्षमा मागायला मी स्वतः निफाडला येईन.

निवृत्ती


निफाड,
३ फेब्रुवारी १९८०

श्री. निवृत्ती यांस,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला, कारण बाबा दोन दिवस कुणाशीच बोलत नव्हते. पेढे परत कसे घ्यायचे हा त्यांचा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "उद्या चीवर घेऊन निघून जाणारा श्रामणेर करायचाय काय? हा टकला बरा." लग्न ठरल्या तारखेला आहे.

आता माझं ऐका. मी दोन वर्षं शिकायला निफाडहून मनमाडला पास काढून जात होते. एकदा लासलगावच्या फलाटावर वावटळ आली आणि आमच्या टीसींची टोपी उडाली ती थेट कांद्याच्या गाडीवर जाऊन बसली. त्यांनी पावत्यांचं पुस्तक डोक्यावर धरलं आणि तसेच टोपीमागं धावले. पुस्तकाखाली न मावलेल्या टकलावर ऊन असं काही चमकलं की आम्ही मुली मनमाडपर्यंत हसत होतो. पुढं स्थळ घेऊन तेच गृहस्थ घरी आले, तेव्हा मी चहाचा ट्रे कसाबसा सांभाळला. आई म्हणते, पोरगं मामावर जातं. त्यामुळं फोटोतल्या तुमच्या केसांवर माझा विश्वास पहिल्या दिवसापासून नव्हता.

माझा होकार फोटोला नव्हताच. तुमच्या आई वणीच्या लग्नात सांगत होत्या की त्यांचे गुडघे धरले की तुम्ही पाळीवरून आल्यावर स्वतः भाकरी थापता. होकार त्याला होता. तुमच्या पत्रानं तो पक्का झाला.

माझी एक अट आहे. त्या दिवशी तुमचे मामा वंदनेला आत बसले पाहिजेत. त्या टोपीची मला भीती वाटते. एका घरात एकच माणूस डोकं लपवणारा असतो असं नाही, ती सवय लागते.

विशाखा


मनमाड,
१२ फेब्रुवारी १९८०

चि. निवृत्ती,

तू विशाखाचं पत्र जसंच्या तसं उतरवून पाठवलंस. कांद्याच्या गाडीपर्यंत वाचलं आणि खाली बसलो. मामीनं पाणी दिलं. मग तिनं ते पत्र वाचलं आणि तिलाच पाणी द्यावं लागलं, हसून.

आता लपवण्यासारखं काय राहिलं? माझे तेविसाव्या वर्षापासनं गेले. कांदा लावला, माका लावला, लिंबाच्या बिया लावल्या, कारभारीच्या बापाकडनं सात वेळा चकोट केली. एकाचाबी गुण आला नाय. तू म्हणशील, मग मला का सांगितलंत? अरे, मला वाटलं, माझ्यावर नाय चालले, तुझ्यावर चालतील. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मला घास गेला नाय. तुझा बाप गेल्यावर मी तुम्हाला काय दिलं? काय नाय. आणि दिलं ते हे.

टोपी आधी नोकरीसाठी घातली. मग लोकांना सवय झाली, मग मला झाली. एकदा नाय काढली की पुढच्या खेपेला काढणं अवघड होतं. दाजींच्या पुण्यानुमोदनाला मी लिंबाखाली उभा होतो तेव्हा आतनं सरणं गच्छामि ऐकू येत होतं, मी बाहेर ओठ हलवत होतो. हात तीनदा टोपीपर्यंत गेला. मागं कुणीतरी हसल्यासारखं वाटलं आणि खाली आला. शकुची क्षमा कुठल्या तोंडानं मागू?

पोरीला सांग, अट मान्य हाय. रजेचा अर्ज दिलाय. साहेब म्हणाला, भाच्याच्या लग्नाला पहिल्यांदाच रजा मागताय, काय विशेष? म्हणलं, डोकं दाखवायचंय.

मामा


एकलहरे,
२ मे १९८०

ती. मामांस,
निवृत्ती आणि विशाखाचा सविनय जय भीम.

तुमची टोपी विहारात राहिली ती विशाखानं जपून आणली आहे. गादीखाली दबली होती, आता इस्त्री करून ठेवली आहे.

त्या दिवशी गर्दीत नीट बोलणं झालं नाही. तुम्ही दारात उभे राहिलात, टोपीला हात लावलात, तेव्हा मी मागं वळून बघत होतो. तुम्ही ती काढून पहिल्या सतरंजीवर येऊन बसलात आणि समोर भन्तेजी, मग मी, मग तुम्ही, अशी रांग झाली. निफाडचं एक पोरगं हसलं, आणि विशाखानं मान वळवून नुसतं बघितलं, तसं गप्प झालं. शाळेतलंच असावं.

आईचं तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्हाला गाडीत बसवून आल्यावर ती उंबऱ्यात बसून रडली. म्हणाली, "टक्कल मला ठाऊकच होतं रे, सख्खा भाऊ आहे. त्यापायी बाहेर उभा राहायचा होय? मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या घरचं त्याला कमी वाटतं."

टोपी पोस्टानं पाठवू की गार्डाबरोबर?

निवृत्ती


मनमाड,
९ मे १९८०

चि. निवृत्ती, चि. सौ. विशाखा,
दोघांना आशीर्वाद.

टोपी गार्डाबरोबर पाठवा, सरकारी हाय, साहेब विचारतो. ड्युटीपुरती घालीन. घरी खुंटीला. मामी म्हणते, घरात उजेड वाढला, दिवा उशिरा लावला तरी चालतो. ऊन मात्र फार लागतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. विशाखाला म्हणावं, थोडं खोबरेल पाठव, डॉक्टरनं सांगितलंय तेवढं तरी करू.

शकुचं वाचलं. 

पुढल्या महिन्यात दाजींची पुण्यतिथी येते. मी येतोय. तिला सांग, लिंबाखाली खुर्ची ठेवू नको. आत, पुढच्या सतरंजीवर, तिच्या शेजारी जागा धर. या वेळी गाडी लेट होणार नाय.

तुमचा मामा,
मल्हारी